इमारत रिकामी होते तेव्हा दहावीतली मुलगी कुठे जाते?

हे प्रकरण वाशीतल्या एका जुन्या वसाहतीतलं आहे. इमारत अतिधोकादायक ठरली, रिकामी झाली आणि तिथलं एक कुटुंब दहावीतल्या मुलीला घेऊन ठाण्यापलीकडे दिव्याला राहायला गेलं. एवढ्याच घटनेचा हा अभ्यास. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं, इमारतीचा क्रमांक, शाळा यांतलं काहीही दिलेलं नाही. मुलीला थोरली म्हणतो, तिच्या भावाला धाकटा. मी वसाहतीतल्या अभ्यासिकेत मुलांबरोबर काम करतो, त्यामुळे या घराशी ओळख जुनी होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धोकादायक इमारतीत कुणी एक दिवसही राहू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण इमारत कधी रिकामी करायची आणि तिथली माणसं किती लांब जाणार, हे दोन निर्णय मुलांकडे बघून घेता येतात. आज ते तसे घेतले जात नाहीत.

घर आणि घराचं वेळापत्रक

नवी मुंबई वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. मुंबईतले घाऊक बाजार हळूहळू खाडीपलीकडे आणले गेले. त्यांत कांदा-बटाटा मार्केट पहिलं, १९८१ सालचं. बाजाराबरोबर माथाडीही आले. थोरलीचे आजोबा त्यांतले एक, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले. मस्जिद बंदरच्या बाजूला पाठीवर ओझी वाहत आणि रात्री गाळ्याबाहेर झोपत त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांच्यासारख्यांना माथाडी मंडळाकडे नोंद, भविष्यनिर्वाह निधी, बोनस असं काहीतरी हातात येऊ लागलं होतं. त्या बळावर त्यांनी हप्त्याने हे घर घेतलं. गावाबाहेर स्वतःच्या मालकीचं छप्पर असलेली त्यांच्या घराण्यातली ही पहिली पिढी. घरात माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांची तसबीर आणि गावच्या देवीचा फोटो शेजारी-शेजारी लावलेले होते.

तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी, संडास. माणसं पाच: आजी, आई, वडील, थोरली, धाकटा. वडील आजोबांच्याच जागी टोळीत लागलेले, पहाटे मार्केटला जाऊन दुपारी घरी झोपणारे. आई सकाळ-संध्याकाळ जवळच्या सेक्टरांमध्ये स्वयंपाकाची कामं करायची. आजीला दुपारी टीव्ही लागायचा, पण वडील झोपलेले म्हणून आवाज बंद. ती नुसती चित्रं बघायची.

एवढ्या घरात मुलगी दहावीपर्यंत चांगली शिकली, ती कशी? जागा नव्हती, वेळा होत्या. दुपारी दोन ते चार जिन्यातल्या वरच्या वळणावर, कारण गच्चीचं दार बंद असल्यामुळे तिथून कुणी जात-येत नसे. पाच ते सात अभ्यासिकेत. आणि सातनंतर समोरच्या काकूंच्या घरी. काकू नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या घराची किल्ली थोरलीच्या दारामागच्या खिळ्याला असायची. सकाळचं पाणी आलं की थोरली त्यांचे पिंप भरून ठेवायची, कुरिअर घ्यायची, गॅसवाला आला तर दार उघडायची. बदल्यात रात्री साडेनऊपर्यंत काकूंचं जेवणाचं टेबल तिचं. असा ठराव कुणी कधी केला नव्हता, तो आपोआप होत गेला होता. शाळेच्या नोंदींत, पुनर्विकासाच्या करारात, सर्वेक्षणाच्या फॉर्मवर या टेबलाची नोंद कुठेही नव्हती, आणि पुढे जे घडलं ते बऱ्याच अंशी हे टेबल गेल्यामुळे घडलं.

छत

चाळिशीकडे आलेल्या काँक्रीटच्या इमारतीत जे होतं तेच इथे होत होतं. वरच्या मजल्याच्या मोरीतून पाणी झिरपतं, खाडीकडची खारी दमट हवा असतेच, आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगून मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. म्हणून स्लॅबला आधी बारीक चीर जाते, मग फुगा येतो, मग एके दिवशी खापरीसारखा तुकडा खाली येतो. लोक त्यावर प्लास्टर मारून घेतात. ते जेमतेम वर्षभर टिकतं, कारण गंज आतच राहिलेला असतो.

थोरलीच्या स्वयंपाकघरात ओट्यावरचं छत असंच उघडं पडलं होतं. तांबूस, पापुद्रे सुटलेल्या सळ्या दिसायच्या. आईने तिथे तारेने प्लायवूडची फळी बांधली होती. मुलं खोलीत दाराकडे डोकं करून झोपायची, कारण खिडकीकडच्या बाजूचा स्लॅब जास्त खराब होता. धाकट्याला विचारलं, असं का झोपता, तर म्हणाला, "तिकडे पडतं ना." पाऊस पडतो म्हणावं, इतक्या सहज.

कायद्याने ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घ्यावं लागतं. अहवालात इमारतीला श्रेणी मिळते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२ब म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. ही इमारत सी-१ निघाली.

अहवाल जानेवारीत हातात आला. माणसं घराबाहेर पडली जुलैच्या मध्याला. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

जानेवारी ते जुलै

मधल्या महिन्यांत लोक बेफिकीर होते असं समजू नये. पुनर्विकासाची बोलणी चालू होती. विकासकाचा करार नोंदणीकृत होत नाही तोवर कुणी बाहेर पडायला तयार नव्हतं. सभेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: "घर सोडलं की हक्क गेला." तो काही तसा जात नाही, मालकी कागदावर असते, स्लॅब पडला म्हणून कागद रद्द होत नाही. पण रिकाम्या झालेल्या आणि वर्षानुवर्षं तशाच पडून असलेल्या इमारती लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. विकासकाने पर्यायी घराचं भाडं थकवलेली कुटुंबं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्या भीतीला खुळचट म्हणणं मला पटत नाही.

मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची धोकादायक इमारतींची यादी लागली, नोटीस आली. जूनमध्ये शाळा उघडली, दहावीचे वर्ग सुरू झाले. जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात दुसऱ्या मजल्यावर एका घरात न्हाणीघराचं छत खाली आलं. सुदैवाने आत कुणी नव्हतं. दोन दिवसांत वीज आणि पाणी तोडलं गेलं, आणि ते तोडणं त्या घडीला योग्यच होतं. माझी तक्रार त्या दिवसाबद्दल नाही. हेच कुटुंब एप्रिलअखेरीस, वार्षिक परीक्षा संपल्यावर निघालं असतं तर घर शोधायला दीड महिना मिळाला असता आणि जूनमध्ये मुलं नव्या ठिकाणाहून शाळेत गेली असती. ते निघालं भर पावसात, घटक चाचणीच्या आठवड्यात, टेम्पोवर ताडपत्री टाकून. एप्रिल आणि जुलैमध्ये छताची अवस्था सारखीच होती. मुलांचं वर्ष मात्र एप्रिलमध्ये संपलेलं असतं आणि जुलैमध्ये नुकतं सुरू झालेलं.

त्यात या घराची आणखी एक अडचण निघाली. फ्लॅट आजोबांच्या नावावर होता आणि आजोबा वारले होते. नाव बदलायचं राहूनच गेलं होतं. वसाहतीत अशी घरं पुष्कळ आहेत. वारस चार: आजी, थोरलीचे वडील, पुण्याला असलेले काका आणि गावाकडे दिलेली आत्या. विकासकाच्या वकिलाचं म्हणणं, सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पर्यायी घराचा करार नाही, आणि करार नाही तर भाड्याचा धनादेश नाही. म्हणजे शेजाऱ्यांना वर्षाचं भाडं हातात मिळालं आणि या घराला डिपॉझिट, दलाली, टेम्पो, पहिल्या महिन्याचं भाडं सगळं पदरचं घालावं लागलं.

पर्याय दोन होते. कोपरखैरणे गावठाणातली एक खोली, शाळेपासून जवळ, पण डिपॉझिट मोठं. किंवा दिव्याला पूर्वेकडे दोन खोल्या, निम्म्याहून कमी डिपॉझिटात. आई गावठाणासाठी अडून बसली होती. वडील म्हणाले, "कर्ज काढून खोलीत कोंबून राहायचं, त्यापेक्षा दिवा बरा. वर्षाचा तर प्रश्न आहे." हातात पैसा नसलेल्या माणसाने याहून वेगळा निर्णय कसा घ्यावा?

दिवा

दिव्याच्या घरात थोरलीला जन्मात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली, आणि तिचा अभ्यास तिथेच कोलमडला. भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, आता काय, ऐसपैस झालं. खरं चित्र असं होतं: शाळा सकाळी सातची. साडेपाचच्या आत घर सोडायचं, दिव्याहून ठाणे, ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे वाशीकडे जाणाऱ्या लोकलच्या फलाटावर, तिथून ऐरोली, रबाळे, घणसोली करत वाशी. सकाळी निदान बसायला मिळायचं. शाळेतले जादा तास दुपारी संपायचे. त्यानंतर अभ्यासिकेत थांबलं तर परतीला संध्याकाळची गर्दी, आणि संध्याकाळी ठाण्याहून दिव्याला महिलांच्या डब्यात शिरणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. त्यामुळे तिने अभ्यासिका सोडली. चारला घरी, मग पाण्याची रांग, कारण घरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, मग आजीचं जेवण. आठला ती पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली असायची.

आईची वाशीतली सकाळची कामं सुटली. पहिल्या कामावर सहाला पोचणं जमेना. वडील आठवड्यातून तीन-चार रात्री मार्केटातच राहू लागले. घरातलं उत्पन्न घटलं आणि मोठं माणूसही कमी झालं.

महिन्यातले चार दिवस ती शाळेतच जाईनाशी झाली. दोन गाड्या, मधे तासभर कुठे जायची सोय नाही, कपड्यांना डाग पडायची धास्ती. हे तिने मला सांगितलं नाही, अभ्यासिकेतल्या ताईला सांगितलं, तेही हजेरी घसरल्यावर शाळेतून चिठ्ठी आल्यानंतर. दहावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. गैरहजेरीचं कारण वर्गात सांगता येत नाही म्हणून मुलगी आळशी ठरते, हे मी याआधीही पाहिलं आहे आणि दर वेळी संताप येतो.

शाळा बदलावी का, हा विचार झाला. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण आहे: दाखला उशिरा मिळाला तरी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववी-दहावीला ते कवच नाही, आणि बोर्डाच्या वर्षात नवे शिक्षक, नवे अंतर्गत गुण, नवं सगळं. ते सोडून दिलं.

काय केलं

आम्ही तीन गोष्टी केल्या, त्यांतल्या दोन लागू पडल्या.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, परिपाठ संपेपर्यंत आली तरी हजेरी लागेल असं वर्गशिक्षकांना सांगितलं, आणि दोन-तीन पाठ्यपुस्तकं शाळेत ठेवायला कपाटात जागा दिली, म्हणजे दप्तराचं ओझं कमी. उपयोग झाला, पण थोडाच. अंतर तेवढंच राहिलं.

दुसरी गोष्ट काकूंची. इमारत रिकामी झाल्यावर काकू कोपरखैरण्याला भाड्याने गेल्या होत्या. त्यांनीच निरोप पाठवला: सोमवार ते शुक्रवार थोरलीने त्यांच्याकडे राहावं. वडील तयार होईनात. "वयात आलेली पोर परक्याच्या घरी कशी ठेवायची? लोक काय म्हणतील?" मी समजावायचा प्रयत्न केला, काही चाललं नाही. ते आजीने मिटवलं. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "परकी कोण रं? माझ्या आजारपणात रातभर उशाशी बसली ती परकी? तुझं भाव कितींदा आलं तवा?" वडील गप्प बसले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर थोरली काकूंकडे गेली आणि पुन्हा त्याच जेवणाच्या टेबलावर बसली. डिसेंबरपासून तिची हजेरी सावरली. पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर पहिल्यांदा वेळेत पुरा झाला, असं तिने आवर्जून येऊन सांगितलं.

तिसरी गोष्ट वारसांच्या कागदाची, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण असे सल्ले वसाहतीत सर्रास चुकीचे दिले जातात. सगळे म्हणत होते, आत्याकडून हक्कसोडपत्र करून घ्या, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, ती नाही म्हणणार नाही. आत्या नाही म्हणाली नसती, हे खरंच. पण आजोबांनी स्वतः कमावलेल्या घरात हिंदू उत्तराधिकार कायद्याने, १९५६ पासून, बायको, मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. भाचीच्या दहावीचं नाव पुढे करून तिचा कायमचा हक्क सोडवून घेणं मला मान्य नव्हतं. भाडं मिळण्यासाठी त्याची गरजही नव्हती. चौघांनी मिळून ना-हरकत दिली, भाडं स्वीकारायचे आणि करारावर सही करायचे अधिकार थोरलीच्या वडिलांना दिले, आणि वाट्याचा प्रश्न नवं घर मिळेपर्यंत आहे तसा ठेवला. आत्या साताऱ्याहून आली, सही केली, एवढंच म्हणाली की आपलं नाव कागदावरून जाऊ नये. पण हे सगळं जुळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. भाड्याची थकबाकी मिळाली तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती, आणि घर जवळ आणायचा उपयोग त्या वर्षापुरता संपला होता. हाच कागद आदल्या जानेवारीत, परीक्षणाच्या अहवालाबरोबर हातात घेतला असता तर कोपरखैरण्याची खोली परवडली असती.

थोरली दहावी पास झाली. अकरावीला वाणिज्य शाखेत ठाण्याच्या कॉलेजात आहे. तिथे जायला दिवा उलट सोयीचं पडतं.

धाकटा

सगळ्यांचं लक्ष दहावीकडे असताना धाकटा सहावीत होता. त्याची शाळा लगेच बदलली, दिव्यात प्रवेश मिळाला, कायद्याप्रमाणे कसलाही अडथळा आला नाही. कागदावर त्याचं प्रकरण निर्दोष आहे. वसाहतीत असताना तो रोज संध्याकाळी मैदानात खो-खो खेळायचा, गडी चांगला होता. दिव्यात त्याच्या इमारतीसमोर रस्ता आणि रस्त्यावर रिक्षा. वर्षभरात त्याने एकाही मित्राचं नाव आईला सांगितलं नाही. शिक्षकांचा शेरा होता: शांत आहे, त्रास देत नाही.

इथे अमेरिकेतला एक मोठा प्रयोग आठवतो. १९९४ साली तिथल्या सरकारने बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या सरकारी गृहवसाहतींत राहणाऱ्या गरीब कुटुंबांतून सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी मदत दिली. पुढे राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या मोठेपणीच्या कमाईचा माग काढला. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना फायदा झाला नाही, काहीसं नुकसानच दिसलं. चांगल्या वस्तीच्या लाभाहून उखडण्याचा त्रास त्यांना जास्त पडला असावा. आपल्याकडचं हलणं वेगळं आहे, कारण इथे कुणी चांगल्या वस्तीत जात नाही, परवडेल त्या वस्तीत जातो. म्हणजे थोरलीच्या वयाचा तोटा आपल्या मुलांना होतोच, आणि धाकट्याच्या वयाचा जो फायदा व्हायला हवा तो मिळत नाही. हा निष्कर्ष मी दोन मुलांवरून काढतो आहे याची जाणीव आहे, तरी वसाहतीतून गेलेल्या इतर घरांकडे बघूनही तो बदलावासा वाटत नाही.

धाकट्यासाठी आम्ही वेळेत काहीच उभं केलं नाही. आता तो शनिवारी वडिलांबरोबर वाशीला येतो, वडील मार्केटला जातात आणि तो मैदानात. गेल्या महिन्यापासून सुरू झालंय.

पुढची इमारत

त्याच वसाहतीतल्या आणखी एका इमारतीचा अहवाल आला आहे. तीही सी-१. या वेळी असोसिएशनच्या सभेत आम्ही करारात घालण्यासाठी लेखी मागण्या दिल्या आहेत. इमारत एप्रिलअखेर ते मे या काळात रिकामी व्हावी, आणि त्यासाठी भाड्याचा पहिला धनादेश मार्चमध्ये मिळावा. तोवर ज्या खोल्यांचं छत जास्त खराब आहे तिथल्या लोकांनी आजच हलावं, त्यांचं भाडं विकासकाने आगाऊ द्यावं. ज्या घरांत मूळ मालक हयात नाहीत त्यांच्या वारसांचे कागद आत्ताच, एकत्र, एकाच वकिलाकडून करून घ्यावेत. आणि ज्या घरात शाळेत जाणारं मूल आहे त्याने शाळेजवळ खोली घेतली तर डिपॉझिटची उचल द्यावी, ती नंतरच्या भाड्यातून वळती करता येते.

पहिल्या मागणीला विरोध झाला नाही. उचलीला झाला, एकाला दिली की सगळे मागतील, असं एक काका म्हणाले. त्यांना उत्तर थोरलीच्या आईने दिलं. ती आता त्या इमारतीत राहत नाही, तरी सभेला दिव्याहून आली होती. म्हणाली, "मागू देत ना काका. कुणाकुणाला लागणार आहे ते आधी मोजा तरी." त्यावर मोजायचं ठरलं. आता प्रत्येक घरात जाऊन मुलांची यादी करतो आहोत: इयत्ता, शाळा, शाळेची वेळ, संध्याकाळी मूल कुठे असतं, आणि त्याच्याकडे कुणाच्या घराची किल्ली आहे का.